सहा वाजताचं पाणी

म्हैसनेसाहेबांना मी आतापर्यंत एकशे त्रेसष्ट वेळा मारलं आहे.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी, चार नंबरची खुर्ची. कधी दोन तासांत अंगातलं पाच लिटर पाणी ओढून काढलं. कधी पोटॅशियम इतक्या झपाट्यानं उतरवलं की हृदयाचा ठोका चुकला तो चुकलाच. कधी रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध चौपट सोडलं. आणि दर वेळी साहेब खुर्चीत ठणठणीत. पेपरातून मान वर करून म्हणतात, "तायडेबाई, आज एसी जरा जास्त वाटतो. पांघरूण मिळेल का?"

पांघरूण मी देते, ते माझं कामच आहे. मरतो तो त्यांचा जुळा.

जुळा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही लगेच पोलिसांना फोन लावाल. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त आम्ही आठवड्यातून तीनदा बाहेर काढतो, गाळणीतून फिरवतो आणि परत अंगात सोडतो. गाळणीत केसासारख्या हजारो नळ्या असतात. आतून रक्त जातं, बाहेरून शुद्ध पाणी वाहतं, आणि रक्तातली घाण नळीच्या भिंतीतून पाण्यात उतरते. एका माणसाला एका वेळी सव्वाशे लिटर पाणी लागतं. हे सगळं माझ्या उमेदवारीच्या दिवसांतही असंच होतं. बदललं ते एवढंच, की आता रक्ताच्या नळीवर सेन्सर बसवलेले असतात. ते दर सेकंदाला रक्तातून प्रकाश सोडून क्षार किती, पाणी किती, रक्त किती घट्ट झालं, हे वाचत राहतात. अशी तीस-चाळीस डायलिसिस झाली की यंत्राकडे त्या माणसाच्या शरीराचं गणित तयार होतं. तो त्याचा जुळा. पडद्यावर माणसाची आकृती दिसते, तिला नाव असतं, वजन असतं, रक्तदाब असतो. माणसाचे चार तास जुळा चाळीस सेकंदांत जगून दाखवतो. पाणी जास्त काढलं तर तुमच्या पायात गोळे किती वाजता येतील, हे तुम्हाला सुई लावायच्या आधी मला कळतं.

भिंतीवर पाटी आहे, 'आधी जुळ्यावर, मग माणसावर.' आणि एखाद्याच्या जुळ्यावर काय काय करून बघावं, याला काही मर्यादा नाही.

आमचं केंद्र पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात, निंबखेडला आहे. इथल्या विहिरींचं पाणी जन्मापासून खारट. ते पिऊन पिऊन घराघरात कुणाचं ना कुणाचं मूत्रपिंड गेलेलं. म्हणून जिल्ह्यात सगळ्यांत आधी यंत्रं आली ती इथं, आणि जुळेही इथंच आधी आले. मी बेबीनंदा तायडे. सव्वीस वर्षं टेक्निशियन आहे, तरी गाव मला सिस्टरच म्हणतं. नवीन आलेल्यांना मी पहिल्या दिवशी तीन गोष्टी शिकवते. चपला काढून वजन. सुईच्या आधी हातावरच्या, शस्त्रक्रियेनं धमनीला जोडलेल्या शिरेवर बोटं ठेवून तिची थरथर बघायची, थरथर नसेल तर सुई नाही. आणि त्या हातावर रक्तदाबाचा पट्टा कधी म्हणजे कधी बांधायचा नाही. चौथी गोष्ट आहे पाण्याची. ती शिकवताना माझा आवाज चढतो. मुली समजतात बाईला बीपी आहे.

म्हैसनेसाहेब तेरा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा खुर्चीत बसले तेव्हा त्यांनी मला लगेच ओळखलं.

"तुम्ही अजून इथंच?"

"हो साहेब. वजनकाट्यावर उभे राहा. चपला काढून."

एके काळी हेच साहेब या केंद्राचे व्यवस्थापक होते. पुढे केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टचे संचालक झाले, मानाची शाल घेऊन निवृत्त झाले आणि मग साखरेनं त्यांची मूत्रपिंडं खाल्ली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी त्यांच्या हातावर बोटं ठेवली, थरथर बघितली, आणि मनात म्हटलं, आता हा माणूस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास माझा आहे.

चौदा वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी, याच हॉलमध्ये सकाळच्या पाळीला आठ माणसं बसली होती. दोन नंबरला माझा मोठा भाऊ, सुदाम. पावणेआठला त्याला धाप लागली, पाठीत कळ आली आणि नळीतलं त्याचं लाल रक्त चॉकलेटसारखं काळपट दिसायला लागलं. मग पाच नंबरच्या देवकाबाई अढाऊ. मग रशीदचाचा. संध्याकाळपर्यंत तिघं गेली.

कारण होतं क्लोरामाइन. पाणी लांब पल्ल्याच्या नळातून येणार असेल तर जंतू मारायला त्यात क्लोरीनबरोबर अमोनिया सोडतात, त्यातून ते तयार होतं. प्यायला काही धोका नाही, पोट ते पचवतं. पण डायलिसिसमध्ये पाणी थेट रक्ताला भिडतं आणि तांबड्या पेशी फुटतात. त्याला अडवते ती कोळशाची टाकी, कार्बन टँक. कोळसा थकला की क्लोरामाइन सरळ आत. म्हणून दर पाळीच्या आधी टाकीतून गाळून आलेलं पाणी छोट्या बाटलीत घ्यायचं, त्यात गोळी टाकायची आणि पाच मिनिटं थांबायचं. रंग आला नाही तर माणसं बसवायची. गुलाबी झालं तर एकालाही सुई लावायची नाही.

चौकशी झाली. साहेबांनी लिहून दिलं की कोळसा त्याच महिन्याच्या एक तारखेला बदलला होता. मी लिहून दिलं की सहा वाजता चाचणी केली, पाणी स्वच्छ होतं. समितीनं निष्कर्ष काढला की सहानंतर, सातच्या सुमारास बाहेरून अचानक जास्त क्लोरामाइनचं पाणी आलं असावं. 'असावं' या एका शब्दावर फाईल बंद झाली. मी सहा महिने घरी बसले आणि परत कामाला लागले. साहेबांना बढती मिळाली.

कोळसा बदललेला नव्हता. मी रोज त्या खोलीत जात होते, मला ठाऊक होतं. मग तेव्हा बोलले का नाही, असं तुम्ही विचाराल. थांबा जरा.

तर पहिल्यांदा मी साहेबांचा जुळा मारला तो रागाच्या भरात. पाणी काढण्याचा आकडा वाढवत गेले, आकृतीचा रक्तदाब घसरत गेला, आणि पडद्यावर राखाडी पट्टी आली, 'शरीर टिकत नाही'. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. बुधवारी पुन्हा केलं. मग सवयच लागली. सकाळी त्यांना सुया लावायच्या, यंत्र सुरळीत चालू करायचं, आणि बाजूच्या पडद्यावर निवांतपणे त्यांना ठार करायचं. नव्या नव्या रीती शोधायला मी रविवारी पुस्तकं वाचायची. इतका अभ्यास मी परीक्षेलाही केला नव्हता.

आणि गंमत ऐका. जुळा मेला की यंत्र ते मरण जपून ठेवतं. खऱ्या माणसाच्या अंगात त्या वाटेची पहिली खूण कुठं दिसेल हे शोधतं आणि तिथं पहारा बसवतं. मी एकशे त्रेसष्ट वाटा दाखवल्या, त्यानं एकशे त्रेसष्ट पहारे बसवले. तेरा महिन्यांत साहेबांना एकदाही पायात गोळा आला नाही. रक्तदाब एकदाही पडला नाही. बाकीचे रोगी डायलिसिस झालं की भिंत धरून चालतात, हे साहेब ताठ चालत जाऊन रिक्षात बसतात. मार्चमध्ये पुण्याच्या डायलिसिस मंडळाकडून पत्र आलं, राज्यातल्या सर्वांत भरवशाच्या दहा जुळ्यांमध्ये निंबखेडच्या चार नंबरचा जुळा. माझं अभिनंदन झालं. हॉलमध्ये पेढे वाटले. साहेबांनी माझे हात हातात घेऊन म्हटलं, "तायडेबाई, तुमच्यामुळे मी जिवंत आहे."

मला असा संताप आला की पेढा तसाच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

त्याच दिवशी मी ठरवलं, आता साहेबांना सुदामचं मरण द्यायचं. ते एकच राहिलं होतं. इतके दिवस ते टाळत होते, कारण मला ते पुन्हा बघायचं नव्हतं. पण जुळ्याला विष द्यायचं तर यंत्राला सांगावं लागतं, पाण्यात क्लोरामाइन किती होतं आणि कधीपासून होतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. सुदामचे कागद मात्र माझ्याकडे होते. तीन वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट, त्या दिवशीची यंत्राची छापील पट्टी, अकोल्याच्या दवाखान्यातले शेवटचे आकडे. ते सगळे मी चार नंबरच्या पडद्यावरूनच यंत्राला वाचायला दिले.

यंत्रानं त्यातून सुदामचा जुळा उभा केला. सुदाम तायडे, वजन बावन्न किलो, वय त्रेचाळीस. माझ्याहून मोठा भाऊ आता माझ्याहून लहान होता. मी पाणी प्यायला बाहेर गेले, तोंड धुतलं आणि परत आले.

मग यंत्र उलटं चालवलं. म्हणजे असं, की मरण ठाऊक आहे, पाणी ठाऊक नाही. यंत्र हजारो प्रकारची पाणी सुदामच्या जुळ्याला देऊन बघतं आणि जे पाणी दिल्यावर सगळे जुने आकडे तंतोतंत जुळतात ते उचलतं. अकरा मिनिटं लागली.

उत्तर तीन ओळींचं होतं. कोळशाची टाकी घटनेच्या अठरा दिवस आधीपासून क्लोरामाइन आत सोडत होती, त्या अठरा दिवसांत सुदामचं हिमोग्लोबिन हळूहळू उतरलेलं दिसतं, याला दुसरं कारण नाही. गुरुवारी पाण्यातलं क्लोरामाइन पहिल्या मिनिटापासून धोक्याच्या पातळीच्या पाचपट होतं, सातला अचानक वाढलेलं नव्हतं. आणि तिसरी ओळ. सकाळी सहाला चाचणी केली असती तर पाणी गडद गुलाबी झालं असतं.

आता खरं सांगते. मी चाचणी केली नव्हती.

आमच्याकडे सकाळच्या पाळीच्या पाण्याची वही असायची. सोमवार ते शनिवार सहा रकाने, रोजच्या चाचणीची वेळ, रंग, सही. आणि पद्धत अशी की सोमवारी सकाळी बसून सहाही रकान्यांत 'रंग नाही' लिहून सह्या ठोकून टाकायच्या. सगळेच करायचे. पहाटेपासून माणसं दारात उभी, कुणी सुजलेलं, कुणी धापा टाकतंय, त्यात वही कुठं शोधता! चाचणी मग सवड मिळेल तशी व्हायची. कधी आठला, कधी दहाला, कधी राहून जायची. वर्षानुवर्षं रंग आलाच नव्हता, म्हणून तो कधी येईल असं कुणाला वाटतच नव्हतं. त्या गुरुवारी सुदामला मीच सुई लावली. लवकर बसव म्हणाला, दुपारी लेकीच्या शाळेत जायचं होतं त्याला.

चौकशीत मी कोळशाबद्दल तोंड उघडलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग बाई, तुमची चाचणी स्वच्छ कशी आली? म्हणून गप्प बसले. आणि चौदा वर्षं स्वतःला समजावत राहिले की सहाला पाणी चांगलंच असणार. मी केली असती तरी रंग आला नसता. सातनंतर काहीतरी झालं, आणि जे झालं ते म्हैसनेमुळे. या एका आधारावर मी जेवत होते, झोपत होते, त्याचा द्वेष करत होते. यंत्रानं अकरा मिनिटांत तो आधार काढून घेतला.

त्या दिवशी मी साहेबांचा जुळा मारला नाही. त्यानंतरही नाही.

माझी एक चूक मात्र झाली होती. रागाच्या घाईत मी ते सगळं चार नंबरच्या पडद्यावरून केलं, म्हणून ते साहेबांच्या नोंदीत गेलं. कायद्यानं रोग्याला आपल्या जुळ्याचा पूर्ण इतिहास मागता येतो. सहसा कुणी मागत नाही. साहेबांनी मागितला. पुण्याच्या पत्रानं ते फुगले होते, आपला जुळा एवढा भरवशाचा कसा झाला हे त्यांना लेकीला दाखवायचं होतं.

शुक्रवारी ते आले, सुया लावून घेतल्या. मग फोन माझ्यासमोर धरला.

"एकशे त्रेसष्ट?"

मी नळीवरची चिकटपट्टी दाबून बसवली.

"मी मोजले. कित्येक दिवशी तर दोन-दोनदा." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हेच मला खुपलं. "मी तक्रार केली तर तुमची नोकरी आजच्या आज जाईल. पण मी शेवटचं पानही वाचलं. सुदामचं."

"त्याचं नाव घेऊ नका."

"घेतो. ऐका तायडेबाई. कोळशासाठी मी तीनदा वर पत्र पाठवलं होतं. मंजुरी आली नाही. केंद्र बंद ठेवायला हवं होतं, मी ठेवलं नाही. आणि चौकशीत बदलला म्हणून लिहून दिलं. ते खोटं होतं. माझं एवढं आहे." त्यांनी पेपराची घडी केली. "आता तुमचं. त्या गुरुवारी साडेआठला मी पाण्याची वही उघडली. गुरुवारच्या रकान्यात तुमची सही होती. शुक्रवारच्याही होती. शनिवारच्याही. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे. सगळं तिथंच ठरलं ना? एक शब्द न बोलता?"

ठरलं होतं. ती नजर मी चौदा वर्षं विसरले नव्हते, आणि त्या नजरेसाठीच मला हा माणूस मेलेला हवा होता. त्यानं माझं पाप बघितलं होतं आणि माझ्याशी सौदा केला होता. भाऊ समोर तडफडत असताना मी तो मान्य केला होता.

"तो कागद काढून टाका," साहेब म्हणाले. "टेक्निशियनला नोंद पुसता येते, मी विचारून घेतलंय. मी मरणांबद्दल बोलणार नाही, तुम्ही पाण्याबद्दल बोलू नका. जुनी प्रकरणं आता जुळ्याच्या पुराव्यावर उघडतात. उघडलं तर दोघंही बुडू. मी म्हातारा, आजारी. मला काय करतील? तुमचं मात्र लायसन्स जाईल, गाव तोंडावर थुंकेल. आणि घरी कोण आहे तुमच्या? सुदामची बायकोच ना?"

हा शेवटचा वार बरोबर बसला.

सुदामची बायको म्हणजे माझी वहिनी, पंचफुला. लेकीचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघीच एका घरात राहतो. चौकशीच्या वेळी गावातल्या बाया कुजबुजायच्या तेव्हा हीच भर रस्त्यात कमरेला पदर खोचून उभी राहायची, "मायी नणंद तशी नाई. तिनं पाणी तपासलं होतं." तिच्या त्या शब्दावर मी गावात पुन्हा मान वर केली.

शनिवार गेला. मी तीनदा नोंद पुसायच्या बटणापर्यंत गेले. म्हैसने वाचला तर वाचला, असं मनाला म्हणून बघितलं. पण तो सोमवारी ताठ चालत येईल, पांघरूण मागेल, आणि आता आमच्यात दुसरा सौदा असेल, हे मला नको होतं. त्याला बुडवायचं तर मला त्याच पाण्यात उतरायला हवं होतं. दुसरी वाट नव्हती. चौदा वर्षं जी सुडाची भूक मी पोसली तिनंच शेवटी मला घरी खरं बोलायला लावलं. माझ्या चांगुलपणानं नव्हे, हे लिहून ठेवा.

रविवारी दुपारी वहिनी पालक उकळत होती. डायलिसिसच्या रोग्याला भाजीतलं पोटॅशियम चालत नाही, म्हणून भाजी दोनदा उकळून पाणी फेकायचं, हे मीच तिला सुदामसाठी शिकवलं होतं. सुदाम जाऊन चौदा वर्षं झाली, ती अजून तशीच करते. मी कितीदा सांगितलं. म्हणते, हाताले सवय पडली.

मी तिला सगळं सांगितलं. वही, सह्या, अठरा दिवस, तिसरी ओळ. तिनं भाजीचं पाणी मोरीत ओतलं आणि पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं.

"ते पाणी पाह्याले किती वेळ लागते?"

"पाच मिनिटं."

"पाच मिन्टं?" ती माझ्याकडे वळली. "पाच मिन्टाचं काम होतं, बेबी?"

मी मान डोलावली. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं झालं असतं.

"अन् मी तुयासाठी गावाशी भांडली. त्या देवकाबाईच्या सुनेच्या अंगावर गेलती मी धावून. तिची सासू मेली होती अन् मी तिले म्हटलं, तोंड सांभाळ." तिनं पदरानं हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. "आता काय इचारून रायली मले? पाठवू का नोको, हे?"

"म्हैसनेला सोडायचं नाही वहिनी मला."

"मंग पाठव ना. त्याचं नाव घाल अन् तुयं बी घाल." मग म्हणाली, "तुयं वरतं घाल. सुई तुया हातानं गेली होती."

तिनं गॅस बंद केला. अर्ध्या तासात पिशवी भरून दुपारच्या एसटीनं ती लेकीकडे निघून गेली. भाजी तशीच पातेल्यात होती. मी ती खाल्ली नाही.

सोमवारी पहाटे पाचला मी मंडळाला कागद पाठवला. तीन ओळी, सुदामचे सगळे रिपोर्ट, माझा जबाब. जबाबात नाव वर माझं, खाली त्यांचं. साहेबांच्या एकशे त्रेसष्ट मरणांची यादीही जोडली, म्हणजे त्यांना धमकी द्यायला काही उरणार नाही. मग अंघोळ केली, डबा न घेता केंद्रावर गेले. सहा वाजता टाकीतून गाळून आलेलं पाणी बाटलीत घेतलं, गोळी टाकली आणि घड्याळ लावून पाच मिनिटं तिथंच उभी राहिले. आता त्या खोलीत सेन्सर आहे, पण मी हातानंही करते. रंग आला नाही. मग सही केली, एकाच रकान्यात.

साहेब सातला आले. चपला काढून वजन घेतलं, हातावरची थरथर बघितली, सुया लावल्या. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, पुसलं का? मी म्हटलं, "साहेब, चार तास शांत पडा." त्यांना वाटलं, पुसलं. छान झोपले. त्यांच्या जुळ्याच्या एकशे त्रेसष्ट पहारेकऱ्यांनी त्यांना तसूभर हलू दिलं नाही.

अकराला मी सुया काढल्या. सुई काढली की त्या जागी बोटानं दाबून धरावं लागतं, दहा मिनिटं. त्या शिरेतून रक्त धमनीच्या जोरानं वाहतं, आधी सोडलं तर छतापर्यंत पिचकारी उडते. म्हणून ना रोग्याला हात ओढता येतो, ना आम्हाला उठून जाता येतं. मी दोन्ही अंगठे दाबले आणि घड्याळाकडे बघितलं.

"पाठवलं," मी म्हटलं.

"काय?"

"सगळं. पहाटे पाचला."

त्यांचा हात झटकन हलला. "हलू नका," मी म्हटलं. "रक्त येईल."

"वेड लागलंय का तुम्हाला?" हॉलमधल्या माना वळल्या तसा त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हीही जाल. दोन दिवसांत बंदीचं पत्र येईल तुम्हाला."

"येऊ दे. माझं नाव वर घातलंय."

"माझी लेक वाचेल ते. गावातली माणसं..."

"देवकाबाईची सूनही वाचेल. रशीदचाचांची मुलंही वाचतील."

तीन मिनिटं झाली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. वहिनीचा रिकामा पलंग माझ्या डोळ्यांसमोर होता आणि तरीसुद्धा मला बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. त्यांनी स्वतःच्या हाताकडे, माझ्या अंगठ्यांकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा बदलला. अब्रूची, लेकीची चिंता बाजूला गेली आणि खालून दुसरीच भीती वर आली.

"मग परवा मला कोण बसवणार?"

"जो येईल तो."

"त्याला माझं सगळं माहीत असेल?"

"तुमचं यंत्राला माहीत आहे. पाण्याचं त्याला विचारा. चाचणी केली का म्हणून. वहीत सही दाखवेल, तिच्यावर विश्वास ठेवू नका. बाटली मागा, रंग डोळ्यांनी बघा. दर वेळी. आठवड्यातून तीनदा, जगाल तोवर."

साहेबांनी मान वळवून हॉलच्या टोकाकडे, पाण्याच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं. व्यवस्थापक होते तेव्हा त्या दाराच्या आत ते कितीदा गेले असतील, देव जाणे. मग त्यांनी माझ्याकडे तोंड केलं, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या नजरेत सौदा नव्हता.

"आज केली होती ना, तायडेबाई? सहा वाजता?"

त्यांची शीर माझ्या अंगठ्याखाली धडधडत होती. घड्याळात सहा मिनिटं झाली होती. उरलेली चार मिनिटं मी काहीच बोलले नाही.